वाचकांचे प्रश्न : क्लाउडवरील लिनक्स इमेजची निवड आणि निगा

सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी क्लाउडवरच्या लिनक्स सर्व्हरविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. क्लाउडवर नवा सर्व्हर ज्या तयार साच्यावरून उभा राहतो, ज्यात ऑपरेटिंग सिस्टीम, तिची मूळ सेटिंग आणि काही वेळा आपले सॉफ्टवेअरही आधीच बसवलेले असते, त्याला इमेज म्हणतात. प्रश्न जागेअभावी थोडे आवरते घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या कारखान्याचे ईआरपी (सगळ्या कामकाजाचे सॉफ्टवेअर) आणि त्याचा पोस्टग्रेस डेटाबेस क्लाउडवर सेंटओएस ७ च्या सर्व्हरवर आहे. सर्व्हर विनातक्रार चालतो; मात्र अपडेट करायला गेले की मिररलिस्टचा पत्ता सापडत नाही असा निरोप येतो. ‘चालत्या गाड्याला खीळ घालू नका’ असे आमचे मालक म्हणतात. बदल करावाच लागेल का, आणि करायचा तर कशावर जावे?
– एक वाचक, कुपवाड एमआयडीसी

उत्तर : करावा लागेल. सेंटओएस ही रेड हॅट कंपनीच्या पैसे भरून मिळणाऱ्या लिनक्सची मोफत नक्कल होती. तिच्या ७ या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आणि पॅकेजे ज्या पत्त्यावरून मिळत तो पत्ताही त्यानंतर बंद झाला. आपल्याला दिसणारा निरोप त्यामुळे येतो. आपल्या नेटवर्कचा त्यात काही दोष नाही. काही जण जुन्या संग्रहाचा, म्हणजे व्हॉल्टचा, पत्ता टाकून हा निरोप घालवतात. त्याने अपडेटची आज्ञा पुन्हा चालू लागते आणि ‘नवीन काही नाही’ असे समाधानकारक उत्तर देते. पण त्या संग्रहात मुदत संपेपर्यंतचीच पॅकेजे आहेत, त्यामुळे त्यानंतर सापडलेले सुरक्षेचे एकही छिद्र त्याने बुजत नाही. मला हा उपाय न करण्यापेक्षाही वाईट वाटतो, कारण निरोप गेला की काळजीही जाते.

निवड करताना आधी डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या त्या प्रकाराच्या, नावाकडे न पाहता त्याचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत देणार आणि ते आपल्या सर्व्हरपर्यंत पोचवायचे काम आपल्याकडे कोणाच्या अंगावर आहे, हे पाहावे. सेंटओएसच्याच इतिहासात त्याचा धडा आहे. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत पॅच मिळतील या हिशेबाने अनेकांनी ते घेतले, आणि डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ते ३१ डिसेंबर २०२१ रोजीच बंद होईल असे जाहीर केले. ती पोकळी भरण्यासाठी अल्मालिनक्स मार्च २०२१ मध्ये आणि रॉकी लिनक्स जून २०२१ मध्ये आले. पुढे जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपला सोर्स कोड सर्वांसाठी फक्त सेंटओएस स्ट्रीम या आगामी आवृत्तीच्या पूर्वरूपाच्या मार्गानेच खुला ठेवायचे ठरवले. तेव्हापासून अल्मालिनक्सने हुबेहूब नक्कल करण्याचा आग्रह सोडून रेड हॅटवर चालणारे सॉफ्टवेअर आपल्यावरही चालेल एवढी हमी धरली, तर रॉकीने हुबेहूबपणाचा आग्रह कायम ठेवला. कारखान्याच्या ईआरपीला या भेदाचा सहसा काही फरक पडत नाही. दोन्हींची ८ ही आवृत्ती २०२९ पर्यंत आणि ९ ही २०३२ पर्यंत पॅच घेणार आहे. ईआरपी पुरवणाऱ्याने ‘फक्त रेड हॅट’ असे लेखी दिले असेल तर निमूटपणे रेड हॅट घ्यावे. तसे नसेल तर मी अल्मालिनक्स ९ किंवा रॉकी ९ घेईन. इतर कोणाचे ईआरपी सॅप कंपनीचे असेल आणि डेटाबेस तिचाच हाना असेल, तर मात्र हा वादच संपतो, कारण त्याला सूझे आणि रेड हॅट हेच दोन पर्याय आहेत.

चालू सर्व्हरवरच आवृत्ती चढवत नेण्याची साधने आहेत. रेड हॅटचे लीप आणि त्यावर आधारलेला अल्माचा एलिव्हेट प्रकल्प ही त्यातली प्रमुख. ज्याच्याकडे एकच सर्व्हर आहे आणि तो कसा बसवला होता हे सांगणारे कोणीही उरलेले नाही, त्याने ती वापरावीत. आपण क्लाउडवर आहात, म्हणजे शेजारी नवा सर्व्हर उभा करून आठवडाभर दोन्ही चालवणे आपल्याला परवडते. नव्या इमेजवर सगळे नव्याने बसवा, तपासा आणि मग पत्ता वळवा. जुना सर्व्हर बंद अवस्थेत महिनाभर राहू द्या.

एका जागी मात्र फार सावध राहावे लागेल, आणि ती जागा म्हणजे डेटाबेस. पोस्टग्रेस मजकुराची क्रमवारी स्वतः न ठरवता सहसा ऑपरेटिंग सिस्टीमच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारते. सेंटओएस ७ मध्ये ही लायब्ररी २.१७ आहे, तर ८ च्या पिढीत २.२८ आणि ९ च्या पिढीत २.३४. यातल्या २.२८ मध्ये क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. ‘११’ आणि ‘१-१’ या दोन नोंदी इंग्रजी अंकांत लिहून अमेरिकन इंग्रजी लोकेलमध्ये, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये, क्रमाने लावल्या तर जुन्या सर्व्हरवर ‘११’ आधी येते आणि नव्यावर ‘१-१’. आता आपल्या मालाचे कोड आणि पुरवठादारांचे क्रमांक आठवा. आडवी रेघ नसलेला कोड शोधावा लागेल. डेटाबेसची फोल्डर जशीच्या तशी उचलून नव्या सर्व्हरवर ठेवली, किंवा जुन्या सर्व्हरवरून नव्यावर रेप्लिकेशन, म्हणजे डेटाची सतत प्रत, चालू करून मग नव्याला मुख्य केले, तर इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, जुन्या क्रमाने रचलेला आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधणारा अशी अवस्था होते. मग यादीत डोळ्यांना दिसणारा पुरवठादार नावाने शोधला तर सापडत नाही, आणि जिथे दुहेरी नोंद अशक्य असायला हवी तिथे ती बिनबोभाट घुसते. सर्व्हर कोणतीही तक्रार करत नाही, म्हणून हे आठवड्यांनी लक्षात येते.

उपाय सोपा आहे, फक्त तो आधी माहीत हवा. डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची फाइलरूप प्रत, काढून नव्या सर्व्हरवर रिस्टोर केला तर इंडेक्स नव्याने रचले जातात आणि प्रश्नच उद्भवत नाही. डेटा फार मोठा असल्यामुळे फोल्डर उचलणेच भाग असेल, तर मजकुराच्या स्तंभांवरील सर्व इंडेक्स रीइंडेक्स करूनच कामकाज सुरू करावे. आकड्यांवरील इंडेक्सना धोका नाही, आणि लोकेल ‘सी’ असेल तर मजकुरालाही नाही. शंका राहिली तर पोस्टग्रेसचे अॅमचेक हे एक्स्टेन्शन इंडेक्स तपासून देते. उबंटू १८.०४ वरून २०.०४ वर किंवा पुढे जाणाऱ्या वाचकांनीही हा परिच्छेद स्वतःला लागू समजावा, कारण तिथेही २.२७ वरून २.३१ असे हेच कुंपण ओलांडले जाते.

आणखी दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. नव्या पिढीत टीएलएस या सांकेतिक संभाषणाच्या पद्धतीच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मुळातच बंद असतात आणि ९ मध्ये शा-१ या जुन्या पद्धतीची सही मानली जात नाही, त्यामुळे एखाद्या जुन्या बँक-जोडणीचे किंवा वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचे संभाषण तुटू शकते. अशा वेळी सगळ्या सर्व्हरचे सुरक्षा-धोरण ‘लेगसी’वर नेऊन मोकळे होण्याचा मोह होतो, तो टाळून त्या एका जोडणीचाच बंदोबस्त करावा. तसेच ९ मध्ये पासवर्डने रूट, म्हणजे मुख्य प्रशासक, म्हणून एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे, शिरता येत नाही, म्हणून किल्लीचा वापर आधी सुरू करावा. हे सारे मार्चअखेरच्या तोंडावर काढू नये, हे कारखान्याच्या लेखा विभागाला सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : आम्ही पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवतो. आमचे सर्व्हर उबंटूच्या मोफत इमेजवर आहेत. एका संस्थेच्या लेखापरीक्षकांनी ‘एंटरप्राइझ, म्हणजे पैसे भरलेलीच लिनक्स हवी’ असा शेरा मारला आहे. क्लाउडच्या मार्केटप्लेसमधून तासाच्या दराने रेड हॅट घ्यावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शेरा मारणाऱ्यांना बहुधा पावती नको आहे, जबाबदार कोण हे कळायला हवे आहे. त्यांना तीन गोष्टी लेखी द्या : आपल्या आवृत्तीची मुदत, गेल्या तिमाहीत कोणते पॅच केव्हा बसले याची नोंद, आणि रात्री दोन वाजता बिघाड झाल्यास कोण कोणाला फोन करणार. तिसऱ्या मुद्द्यावर आपल्याकडे उत्तर नसेल तर पैसे भरून पाठबळ घ्यावे, हा सरळ हिशेब आहे.

उबंटूविषयी एक बाब पुष्कळांच्या नजरेतून सुटते. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ पाठबळाच्या, आवृत्तीला पाच वर्षे पॅच मिळतात, म्हणजे २२.०४ ला २०२७ पर्यंत आणि २४.०४ ला २०२९ पर्यंत. पण ही हमी ‘मेन’ या विभागातल्या पॅकेजांपुरती आहे. ‘युनिव्हर्स’ विभागात हजारो पॅकेजे आहेत आणि त्यांच्या सुरक्षेची तशीच हमी उबंटू प्रो हे वाढीव पाठबळ घेतल्यावरच मिळते. प्रो घेतल्यास एकूण काळही दहा वर्षांपर्यंत वाढतो. म्हणून आपल्या सर्व्हरवर बसलेल्या पॅकेजांपैकी किती कोणत्या विभागातली आहेत हे आधी तपासावे. उबंटूच्या प्रो या साधनाची सुरक्षा-स्थिती दाखवणारी आज्ञा हा हिशेब तयारच देते. वेब सर्व्हर आणि डेटाबेस एवढेच असेल तर बहुतेक सर्व ‘मेन’मध्ये निघते. उबंटू सोडून रेड हॅटवर जाण्यापेक्षा प्रो घेणे पुष्कळांना सोयीचे पडेल, कारण तुमच्या माणसांचा हात ज्यावर बसलेला आहे ते बदलण्याची किंमत परवान्याच्या दरात दिसत नाही.

तरीही रेड हॅटच घ्यायचे ठरले तर घेण्याचे दोन मार्ग नीट ओळखा. मार्केटप्लेसच्या इमेजमध्ये परवान्याची आकारणी इमेजलाच चिकटलेली असते. त्या इमेजवरून सर्व्हर चालू आहे तोवर तासागणिक आकार पडतो, आणि त्यावरून तुम्ही स्वतःची इमेज बनवली तर तिच्यावरही तो चालत राहतो. दुसऱ्या मार्गात रेड हॅटकडून वार्षिक सबस्क्रिप्शन घेऊन ते क्लाउडवर नेतात. वर्षभर चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरला हा मार्ग सहसा स्वस्त पडतो, तर महिनाअखेरीस चार दिवस लागणाऱ्या सर्व्हरला तासाचा दर बरा. दोन्ही एकाच वेळी भरले जाणे हा नेहमीचा घोटाळा आहे. बिलात परवान्याची वेगळी ओळ असते, ती दर महिन्याला कोणीतरी वाचावी.

लेखापरीक्षकांचा विषय निघालाच आहे, तर ज्या नियमाचा इमेजशी थेट संबंध आहे तो सांगतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ६ तासांच्या आत द्यावी लागते, लॉग १८० दिवस भारतात जपावे लागतात, आणि सर्व्हरचे घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या वेळ-सर्व्हरशी मिळवलेले असावे लागते. घड्याळाची सेटिंग, म्हणजे क्रोनीची फाइल, इमेजमध्येच घातली की प्रत्येक सर्व्हरवर ती विसरण्याचा संभव उरत नाही. लॉगचे दुखणे वेगळे आहे. जुना सर्व्हर मोडून नव्या इमेजवरून दुसरा उभा करण्याची पद्धत धरली की जुन्याच्या डिस्कबरोबर त्याचे लॉगही जातात, आणि १८० दिवसांची अट कोणाच्या ध्यानीमनी नसताना मोडते. म्हणून लॉग बाहेर पाठवणारा एजंट इमेजमध्ये पहिल्या दिवसापासून असावा.

प्रश्न : मार्केटप्लेसमध्ये ‘उबंटू २२.०४’ असे शोधले तर ढिगाने इमेज दिसतात. काहींना पैसे पडतात, काहींना नाही. अस्सल कोणती हे कसे ओळखावे?
– रुग्णालयाच्या संगणक विभागातील एक वाचक, मिरज

उत्तर : नावावरून कधीही ओळखू नये. नाव कोणीही काहीही देऊ शकतो. खरी ओळख प्रकाशकाच्या खाते क्रमांकावरून होते. अॅमेझॉनवर कॅनॉनिकल (उबंटूची कंपनी), डेबियन, अल्मा, रॉकी या प्रत्येकाचा खाते क्रमांक ठरलेला आहे आणि तो त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेला असतो. तिथूनच तो घ्यावा, कोणा मित्राच्या संदेशातून नव्हे.

माणूस शोधतो तेव्हा निदान डोळ्यांनी पाहतो. स्क्रिप्ट पाहत नाही. टेराफॉर्म या सर्व्हर उभारणाऱ्या साधनात ‘या नावाची सर्वांत नवी इमेज घे’ असे लिहिले आणि मालक कोण हे लिहायचे राहिले, तर त्याच नावाची, पण आज सकाळी कोणी परक्याने चढवलेली इमेज रुग्णालयाच्या सर्व्हरवर येऊन बसेल. डेटाडॉग या कंपनीच्या सुरक्षा संशोधकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये नेमकी ही चूक किती ठिकाणी आढळते ते दाखवून दिले होते. अॅमेझॉनवर आता ठरावीक प्रकाशकांच्याच इमेज चालतील अशी मर्यादा संपूर्ण खात्यावर घालता येते. ती आजच घाला. तिला पैसे पडत नाहीत.

पैसे पडणाऱ्या इमेजविषयी : सीआयएस या संस्थेच्या सुरक्षा-नियमावलीनुसार आधीच कडक केलेल्या इमेज त्यांत असतात आणि त्या उपयोगी आहेत. पण ‘उबंटू, वर एक वेब सर्व्हर’ एवढेच भरून तासाला दर लावणाऱ्या इमेजही त्यांत पुष्कळ आहेत. तो वेब सर्व्हर एका आज्ञेत बसतो.

अॅमेझॉनचे स्वतःचे लिनक्सही यादीत दिसेल. ते मोफत आहे आणि तिथल्या यंत्रणेशी चांगले जुळते. मात्र अॅमेझॉन लिनक्स २ ची मुदत ३० जून २०२६ अशी ठरवलेली असल्याने नवे काम त्यावर सुरू करू नये, आणि त्यापुढच्या २०२३ या आवृत्तीवर रेड हॅट परिवाराचा ईपेल हा ओळखीचा जादा पॅकेजसाठा चालत नाही. रुग्णालयाच्या एक्स-रे किंवा प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरला ईपेलमधले काही लागत असेल तर हे आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : आमच्या नीट बसवलेल्या एका सर्व्हरचीच इमेज काढून आम्ही दहा सर्व्हर केले. आता मॉनिटरिंगमध्ये दोन सर्व्हर एकच म्हणून दिसतात. कार्यालयातल्या व्हर्च्युअल मशीनवर हाच प्रयोग केला तर दोन मशीनना एकच आयपी मिळतो. क्लाउडचा दोष आहे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : क्लाउडचा दोष नाही, सर्व्हरची ओळखपत्रेही इमेजमध्ये गेली आहेत. प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर ‘मशीन-आयडी’ नावाची एक लहानशी फाइल असते. मॉनिटरिंगचे एजंट बहुधा तिच्यावरूनच सर्व्हर ओळखतात, आणि उबंटूत सिस्टमडीची नेटवर्क यंत्रणा आयपी मागताना आपली ओळख याच फाइलवरून तयार करते. म्हणून कार्यालयातला आयपी वाटणारा डीएचसीपी सर्व्हर दोन मशीनना एकच समजतो. मोठ्या क्लाउडवर आयपी नेटवर्क कार्डाला बांधलेला असल्यामुळे तिथे हा गोंधळ झाकून राहतो, एवढेच. इमेज काढण्यापूर्वी ही फाइल रिकामी करावी. ती पहिल्या बूटला आपोआप नव्याने भरली जाते.

तुमच्या पत्रात नसलेली, पण याहून गंभीर बाब एसएसएचची आहे. सर्व्हरची स्वतःची होस्ट-की, म्हणजे त्याची ओळख पटवणारी किल्ली, दहाही ठिकाणी तीच राहिली, तर एका सर्व्हरमधून ती चोरणारा उरलेल्या नवांचे सोंग घेऊ शकतो. पहिल्या बूटला सर्व्हरची जुळणी करणारा क्लाउड-इनिट नीट चालू असेल तर तो पहिल्या बूटला या किल्ल्या बदलतो. कोणी ‘बूटला वेळ लागतो’ म्हणून तो बंद केला असेल तर बदलत नाही. शिवाय प्रवेशासाठीच्या किल्ल्यांच्या यादीत क्लाउड-इनिट नवी किल्ली जोडतो, जुन्या काढत नाही. मूळ सर्व्हर ज्याने बसवला आणि जो नंतर नोकरी सोडून पुण्याला गेला, त्याची किल्ली आज दहाही सर्व्हर उघडत असेल. आजच ती यादी उघडून पाहा. आज्ञांचा इतिहास ठेवणारी फाइल आणि डेटाबेसचा पासवर्ड ज्यात आहे ती फाइलही त्याच ओघात तपासा.

मुळात चालू सर्व्हरची इमेज काढण्याची पद्धतच सोडावी असे माझे मत आहे. अॅमेझॉनवर इमेज काढताना वेगळे सांगितले नाही तर सर्व्हर रीस्टार्ट होतो. अॅझ्युअरवर ‘जनरलाइझ’ करून इमेज काढलेला मूळ सर्व्हर पुन्हा वापरताच येत नाही, आणि भर दुपारी हे कळलेल्या माणसाचा चेहरा पाहवत नाही. पण खरा तोटा असा की त्या इमेजमध्ये काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. तीन वर्षांत हाताने केलेले सगळे बदल तिच्यात असतात आणि लिहिलेला एकही नसतो.

त्याऐवजी पॅकर किंवा अॅमेझॉनचे इमेज बिल्डर यासारखे साधन घ्यावे. पॅकर हे २०१३ पासूनचे साधन आहे. प्रकाशकाच्या कोऱ्या इमेजवरून ते एक तात्पुरता सर्व्हर उभा करते, तुम्ही लिहिलेली स्क्रिप्ट त्यावर चालवते, त्याची इमेज काढते आणि तो सर्व्हर मोडते. स्क्रिप्ट गिटमध्ये राहते, म्हणून कोणी केव्हा काय बदलले ते दिसते. तुमच्या स्क्रिप्टचा क्रम साधारण असा येईल : आधी सर्व अपडेट, मग घड्याळ, लॉग आणि मॉनिटरिंगचे एजंट, मग तुमचे सॉफ्टवेअर, मग ओपनस्कॅप या तपासणीच्या साधनाने सीआयएसच्या नियमांशी ताडून अहवाल, आणि शेवटी साफसफाई, जिच्यात क्लाउड-इनिटची ‘क्लीन’ आज्ञा मशीन-आयडीच्या पर्यायासह देतात. पासवर्ड यांपैकी कुठेही येऊ नये. तो सर्व्हरने बूट झाल्यावर क्लाउडच्या गुप्तसाठ्यातून घ्यावा. पहिल्यांदा हे जुळवायला आठवडा जाईल. नंतर महिन्याची नवी इमेज काढणे हे चहा होईपर्यंतचे काम आहे. पतसंस्था असोत की साखर कारखाने, सर्व्हर मोडून नवा उभा करण्याची भीती गेली की पॅच लांबणीवर टाकण्याचे कारणही उरत नाही.

प्रश्न : २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचा सर्व्हर थोडक्यात वाचला, म्हणून आता तो क्लाउडवर न्यायचा आहे. डिस्कची प्रत करून इमेज बनवली, पण सर्व्हर बूटच होत नाही आणि पडद्यावर काही दिसतही नाही.
– एक व्यापारी वाचक, सांगली

उत्तर : तीन जागा पाहा. पहिली, इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची लहान फाइल. रेड हॅट परिवारात ते तयार करणारे ड्रॅकट फक्त ‘या’ यंत्राला लागणारे ड्रायव्हर घेते. आपल्या जुन्या यंत्रात क्लाउडची एनव्हीएमई डिस्क आणि नेटवर्क कार्ड नव्हते, म्हणून त्यांचे ड्रायव्हर त्यात नाहीत आणि कर्नलला स्वतःची डिस्कच दिसत नाही. जुन्या यंत्रावर ‘सर्व ड्रायव्हर घे’ अशी सूचना देऊन ते नव्याने बनवा आणि मग प्रत काढा. दुसरी, एफएसटॅब, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल. त्यात डिस्क ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा नावांनी लिहिलेल्या असतील. क्लाउडवर ही नावे बदलतात. प्रत्येक ओळ यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने, लिहा, आणि बूटला अत्यावश्यक नसलेल्या डिस्कपुढे ‘नोफेल’ हा पर्याय घाला, म्हणजे बॅकअपची एखादी डिस्क न सापडल्याने सारा सर्व्हर अडून बसणार नाही. तिसरी, पडदा. क्लाउडच्या सर्व्हरला मॉनिटर नसतो. कर्नलचा निरोप सिरियल कन्सोलवर यावा अशी सेटिंग ग्रब या बूट करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये केल्यावरच अडले कुठे ते वाचता येते. मी तर सुरुवात तिथूनच करेन.

हळदीचे सौदे जोरात असताना हे काम काढू नये. आणि बूट झाल्यावर या प्रतीवर कायमचे राहूही नये. ती फक्त पुलासारखी वापरून वर कराडच्या वाचकांना सांगितलेल्या पद्धतीने नवी इमेज बनवावी.

प्रश्न : सगळे अपडेट करूनही सुरक्षा-तपासणीच्या अहवालात ‘ओपनएसएसएच जुने, धोका गंभीर’ असे येते. नवी आवृत्ती सोर्सवरून स्वतः बांधून बसवावी का?
– एक वाचक, वाई

उत्तर : अजिबात बसवू नये. एंटरप्राइझ डिस्ट्रो आवृत्तीचा आकडा तोच ठेवून दुरुस्ती तेवढी मागे आणून बसवतात. जुलै २०२४ मध्ये गाजलेल्या ओपनएसएसएचच्या छिद्राची मूळ दुरुस्ती ९.८ मध्ये आली, पण रेड हॅट ९ वर ती ८.७ या आकड्यातच मिळाली. बाहेरून फक्त आकडा वाचणाऱ्या स्कॅनरला ते कळत नाही. आरपीएम या पॅकेजांच्या साधनाला त्या पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, विचारा, त्यात त्या छिद्राचा सीव्हीई-२०२४-६३८७ हा क्रमांक शोधा आणि ती ओळ अहवालाला जोडा. स्वतः बांधलेले ओपनएसएसएच पुढच्या अपडेटच्या कक्षेबाहेर जाते आणि ते सांभाळण्याचे काम कायमचे तुमच्या गळ्यात पडते. नवे ते सुरक्षित असेही नसते : मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या सर्वांत ताज्या आवृत्त्यांतच मागचे दार घातलेले सापडले होते, आणि रेड हॅट ८-९ किंवा डेबियन स्टेबलपर्यंत ते पोचलेच नव्हते.

प्रश्न : जुन्या इमेज किती ठेवाव्यात? दर महिन्याला बिल वाढते आहे.
– एक वाचक, इचलकरंजी रस्ता, सांगली

उत्तर : चालू, तिच्या आधीची एक आणि लेखापरीक्षणासाठी तिमाहीची एक एवढ्या पुरतात. अॅमेझॉनवर इमेजची नोंद काढली तरी तिच्यामागचे स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या साठवलेल्या प्रती, वेगळे सांगितल्याशिवाय पुसले जात नाहीत. तुमचे बिल बहुधा त्यांचेच आहे. मात्र पुसण्याआधी ती इमेज शेवटची केव्हा वापरली गेली आणि कोणत्या लाँच टेम्प्लेटमध्ये (सर्व्हर उभारणीच्या नमुन्यात) तिचा क्रमांक आहे, हे दोन्ही पाहावे. नाहीतर गर्दीच्या वेळी सर्व्हर आपोआप वाढवणारे ऑटोस्केलिंग नवा सर्व्हर मागेल आणि इमेज सापडणार नाही. रीसायकल बिनचा नियम आधी लावला असेल तर पुसलेली इमेज ठरलेल्या मुदतीत परत मिळते. प्रकाशकाच्या इमेजवर थेट अवलंबून असाल तर तिची प्रत स्वतःच्या खात्यात ठेवा, कारण सार्वजनिक इमेज साधारण दोन वर्षांनी कालबाह्य म्हणून शोधातून दिसेनाशा होतात आणि प्रकाशक त्या काढूनही टाकू शकतो. इमेज ज्या रीजनची, म्हणजे क्लाउडच्या ज्या प्रदेशाची, त्याच रीजनमध्ये चालते. म्हणून मुंबईत काम करत असाल आणि संकटकाळासाठी हैदराबाद रीजन धरले असेल, तर चालू इमेज तिथेही कॉपी केलेली असावी, आणि वर्षातून एकदा तिच्यावरून खरोखर सर्व्हर उभा करून पाहावा.